लँडिड्नोला जायचं तर मुक्कामी जा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत नको

आधी गावाच्या नावाचं सांगते (लिहितात Llandudno), कारण ट्रेनमध्येच आमची फजिती झाली. तीन वर्षं मँचेस्टरमध्ये राहून मी आपली बिनधास्त 'लँडुडनो लँडुडनो' करत होते, तिकीट चेकरने ऐकलं आणि हसून बरोबर करून सांगितलं. वेल्शमध्ये तो मधला यू इकारासारखा, म्हणजे डिड्नो, आणि सुरुवातीचे दोन एल बघून बाबांना वाटलं हा आपला ळ असणार, तर तोही नाही. जीभ ल म्हणायला लावतो तशी टाळूला लावायची आणि आवाज न काढता बाजूने नुसती हवा सोडायची. बाबांनी चेस्टरपासून प्रॅक्टिस सुरू केली, समोर बसलेल्या बाईंनी दोनदा रुमाल पुढे केला. लान म्हणजे चर्चची जागा आणि टिड्नो हा सहाव्या शतकातला साधू, दोन शब्द जोडले की ट चा ड होतो, हे कळल्यावर बाबा खूश, म्हणे म्हणजे यांच्यातही संधी आहे तर.

तर हा रिव्ह्यू उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरच्या या गावाचा. आम्ही इथे दोनदा गेलोय. पहिल्यांदा मी आणि नवरा, सकाळी गेलो संध्याकाळी परत, पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला लांब धक्का, बघितला, चिप्स खाल्ले, गर्दीत ढकलाढकली झाली, आणि घरी येऊन म्हणालो ठीक आहे, एवढं काय त्यात. दुसऱ्यांदा या जूनमध्ये आई-बाबा आले होते म्हणून गेलो, आईचे गुडघे बघून दोन रात्री राहिलो, आणि तेव्हा कळलं की पहिल्यांदा आपण काहीच बघितलं नव्हतं. दुपारी दिसतं ते गाव वेगळं, आणि डे-ट्रिपवाल्यांच्या गाड्या सुटल्यावर संध्याकाळी सातनंतर उरतं ते वेगळं. रोमानियाची राणी १८९० मध्ये इथे आली ती पाच आठवडे राहिली आणि जाताना या गावाला शांततेचा सुंदर आसरा म्हणाली, तेच वेल्शमध्ये गावाचं ब्रीदवाक्य झालंय. राणी पाच आठवडे राहिली आणि आपण पाच तासांत उरकायला बघतो!

मँचेस्टर पिकॅडिलीहून डायरेक्ट ट्रेन आहे, नाहीतर लँडिड्नो जंक्शनला बदलायची. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, चेस्टर सोडलं की थोड्या वेळाने समुद्र रुळाच्या अगदी कडेला येतो आणि बराच वेळ सोबत राहतो. जंक्शननंतर मात्र डावीकडे बघायचं, खाडीपलीकडे कॉन्वीचा किल्ला दिसतो. माझी सहा वर्षांची लेक दोन्ही खिडक्यांत धावून धावून दमली.

स्टेशनपासून सरळ चालत गेलं की दहा मिनिटांत प्रोमनेड, म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रुंद रस्ता, येतो आणि तिथे पहिल्यांदा तोंड उघडं राहतं. समुद्राची अर्धचंद्राकार वळणदार कड, एका टोकाला ग्रेट ऑर्म नावाचा चुनखडीचा मोठा डोंगर, दुसऱ्या टोकाला लिटल ऑर्म नावाचा धाकटा, आणि मधे हॉटेलांची एकसलग रांग, फिक्या गुलाबी, क्रीम, आकाशी रंगातली, सगळी साधारण एका उंचीची. मधेच कोणी काचेचा टॉवर ठोकलाय असं नाही. हे असं आपोआप झालेलं नाही, ही सगळी जमीन मॉस्टिन घराण्याची, त्यांनी १८५०च्या आसपास दलदलीच्या जागी ठरवून प्लॅन करून रिसॉर्ट वसवलं, रस्ते रुंद ठेवले, आणि इस्टेटीची पकड अजून आहे. बाबा सिव्हिलमधले, ते तिथे बाकड्यावर बसून अर्धा तास फक्त गॅलऱ्यांच्या ओळी बघत होते. आत मॉस्टिन स्ट्रीटवर दुकानांच्या पुढे लोखंडी खांबांवर काचेची छतं आहेत, पाऊस आला तर छत्री न उघडता खरेदी चालू ठेवता येते, आणि पाऊस येतोच.

पिअरबद्दल थोडं सविस्तर. १८७७ मध्ये सुरू झालेला, सातशे मीटर लांब, वेल्समधला सगळ्यात लांब. चालायला पैसे लागत नाहीत. दुपारी गेलात तर डोनट, आइस्क्रीम, खेळण्यांची दुकानं, पाळणे, आणि त्या टूपीच्या (दोन पेनीच्या नाण्याच्या) मशीन, ज्यात नाणं वरून टाकायचं आणि सरकत्या फळीने खालची नाणी ढकलली जाण्याची वाट बघायची. नाणी कडेला लोंबकळत असतात, आता पडतील मग पडतील, पडत नाहीत. आईने आयुष्यात कधी जुगार खेळलेला नाही, पत्त्यांत बदाम सात सुद्धा पैसे न लावता, ती त्या मशीनपुढे चाळीस मिनिटं उभी होती आणि 'एकच शेवटचं' म्हणत तीन पौंड घालवून बसली. तिने जिंकलं काय तर एक प्लास्टिकची की-चेन, ती आता देवघराच्या किल्लीला आहे.

पण पिअर बघायचा तो रात्री नऊला. जूनमध्ये तेव्हाही चांगला उजेड असतो. दुकानांची शटर ओढलेली, आवाज बंद, आणि मग पायाखाली काय आहे ते लक्षात येतं. लाकडी फळ्या आहेत आणि फळ्यांमधे बोटभर फटी, त्यातून खाली हिरवट पाणी हलताना दिसतं, खांबांना शेवाळ आणि शिंपले चिकटलेले, लाट आली की खालून चुळुक चुळुक आवाज. लेक पालथी पडून एका फटीला डोळा लावून बघत बसली. टोकाला दोन-तीन जण गळ टाकून बसले होते, एकाची बादली रिकामी, दुसऱ्याचीही रिकामी, कोणाला घाई नाही. पूर्वी लिव्हरपूलहून बोटी थेट या टोकाला लागायच्या, लोक सामानसुमान घेऊन इथेच उतरायचे. आता समोर क्षितिजावर पवनचक्क्यांचं अख्खं शेत उभं आहे, ग्विंट अ मोर नाव, १६० पवनचक्क्या. काहींना त्याने व्ह्यू बिघडला असं वाटतं, बाबांना तेच सगळ्यात आवडलं, आवडनिवड आहे.

आता ट्राम. ही मिस केलीत तर येऊच नका. ग्रेट ऑर्मवर चढणारी निळी ट्राम, १९०२ मध्ये सुरू झाली, पुढचा अर्धा भाग १९०३ मध्ये, आणि रस्त्यावरून दोराने ओढली जाणारी अशी ब्रिटनमध्ये ही एकच उरलीय. ट्रामला इंजिनच नाही. खालच्या भागात रुळांच्या मधे रस्त्यात एक चीर आहे, त्या चिरेखाली पोलादी दोर आहे, वर जाणारी आणि खाली येणारी अशा दोन ट्राम त्या एकाच दोराला, विहिरीच्या रहाटाला दोन बाजूंनी दोन घागरी असाव्यात तशा. एक उतरते तेव्हा दुसरी चढते, मधे एका जागी रूळ दुभंगतात तिथे दोघी एकमेकींना ओलांडतात. ओढणारं यंत्र हाफवे स्टेशनवर, तिथे उतरून दुसऱ्या ट्राममध्ये बसायचं आणि माथ्यापर्यंत जायचं, आणि त्या मधल्या स्टेशनात काचेतून ती फिरणारी मोठी चाकं बघता येतात. यंत्र आधी वाफेवर होतं, १९५०च्या दशकाच्या शेवटी विजेवर आलं, बाकी कारभार तोच.

खालचा चढ खरोखर अंगावर येणारा आहे, लोकांच्या घरांच्या पायऱ्यांना घासून ट्राम जाते, खिडकीतून त्यांच्या कुंड्या मोजता येतात. बाकं लाकडी, खटखट करत, फास्ट अजिबात नाही. आईने मधेच विचारलं, 'अहो, दोर तुटला तर?' बाबा म्हणाले, 'काही होत नाही गं, शंभर वर्षं चाललीय.' मी गप्प बसले, कारण १९३२ मध्ये दोराला जोडणारा सांधा तुटून खरंच जीवघेणा अपघात झाला होता, मग दोन वर्षं बंद ठेवून जास्तीचे ब्रेक वगैरे बसवून परत सुरू केली हे मी वाचलं होतं. खाली उतरल्यावर सांगितलं. आईने माझ्याशी बोलणं बंद केलं, चहापर्यंत.

एक लक्षात ठेवा, ट्राम साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर एवढीच चालते. आणि सकाळी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जा, अकरानंतर लाइन पार कोपऱ्यापर्यंत जाते, मुक्कामाचा हा अजून एक फायदा. केबल कारसुद्धा आहे, १९६९ची, हॅपी व्हॅलीच्या बागेतून निघते आणि जवळजवळ एक मैल लांब आहे, पण वारा वाढला की बंद ठेवतात आणि इथे वारा हा पाहुणा नाही, घरमालक आहे. आम्हाला दोन्ही दिवस बंदच मिळाली. लेक रुसली, पण तशा वाऱ्यात त्या चिमुकल्या डब्यात बसायची माझीच हिंमत झाली नसती हे तिला सांगितलं नाही.

माथा २०७ मीटरवर. हवा साफ असेल तर एका बाजूला अँगल्सी बेट, दुसऱ्या बाजूला स्नोडोनियाचे डोंगर आणि खाली दोन्हीकडे समुद्र, गाव मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आडवं पडलेलं. माथ्यावरची इमारत एके काळी हॉटेल होती आणि १९५०च्या दशकात ती चालवण्यात रँडॉल्फ टर्पिन होता, तोच बॉक्सर ज्याने १९५१ मध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवून जगज्जेतेपद घेतलं होतं. बाबा तरुणपणी बॉक्सिंगच्या बातम्या वाचणारे, त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी भिंतीला हात लावून बघितला. कॅफे यथातथा आहे. चहा गरम होता एवढंच.

बकऱ्या! हे सांगायलाच पाहिजे. या डोंगरावर जंगली बकऱ्यांचा कळप आहे आणि त्या काश्मिरी आहेत, पांढऱ्याशुभ्र, लांब केसांच्या, मागे वळलेली तलवारीसारखी शिंगं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विंडसरला काश्मिरी बकऱ्या ठेवल्या होत्या, त्यातल्या इथे आल्या आणि रानटी झाल्या. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागल्यावर रस्ते रिकामे बघून त्या खाली गावात उतरल्या आणि लोकांची कुंपणं खात फिरल्या, तो व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. रॉयल वेल्श रेजिमेंटची मानाची बकरीसुद्धा या कळपातली असते, तिला संचलनात घेऊन जातात. आम्हाला एक बोकड सेंट टिड्नोच्या जुन्या चर्चच्या भिंतीवर उभा दिसला, रवंथ करत आमच्याकडे असं बघत होता की आम्हीच भाडेकरू आणि तो वसुलीला आलेला. ते चर्चही बघा, जुनं, बसकं, भोवती कबरस्तान आणि समोर थेट समुद्र. उन्हाळ्यात रविवारी सकाळी तिथे उघड्यावर प्रार्थना होते.

हाफवे स्टेशनपासून जवळच तांब्याच्या खाणी आहेत, आणि मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात वेगळी गोष्ट ती. १९८७ मध्ये पार्किंग करायला म्हणून जागा तपासत होते तेव्हा सापडल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, ब्राँझ युगातल्या. खडक दगडाच्या गोट्यांनी आणि जनावरांच्या हाडांनी खणलेला, हजारो हाडं सापडलीत तिथे, तांब्यामुळे हिरवट झालेली. हेल्मेट घालून आत जायचं, गार पडतं एकदम, वाट अरुंद आणि बऱ्याच पायऱ्या. बाजूला जे बोगदे जातात त्यातले काही एवढे बारीक की तिथे मोठा माणूस मावणारच नाही, म्हणजे मुलंच आत गेली असणार. हे ऐकल्यावर लेकीने विचारलं त्यांची शाळा कुठे होती, आणि आमच्यापैकी कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही. आई बाहेर थांबली, ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी बाहेरच थांबा.

खाण्याचं. फिश अँड चिप्स सगळीकडे आहे, चांगलं आहे, पण शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न विचारायचाच, चिप्स कशात तळता. काही दुकानांत बीफची चरबी वापरतात आणि बोर्डवर ते बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. आम्ही विचारलं, पहिल्या दुकानातल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, दुसरीकडे साधं तेल होतं, तिथून घेतलं. आणि चिप्स उघड्यावर खाताना पाठ भिंतीला लावून उभे राहा, गंमत नाही करत. सीगल मागून येतो. नवऱ्याने चिप तोंडाजवळ नेला आणि पुढच्या क्षणी हातात फक्त व्हिनेगरचा वास उरला होता, आवाज नाही काही नाही, पंखाचा वारा तेवढा गालाला लागला. जागोजागी पाट्या आहेत की त्यांना खायला घालू नका, नवरा म्हणाला मी कुठे घातलं. गोडात 'बारा ब्रीथ' नावाचा प्रकार घ्या, चहात भिजवलेल्या बेदाण्या-मनुकांचा पाव, वर लोणी. आणि वेल्श केक, तव्यावर भाजतात, आई म्हणाली ही तर दशमीची बहीण, आणि खरंच प्रवासाला चार दिवस टिकतात. जेवण साधारण ब्रिटिश, तिखट काही मिळेल ही आशा सोडा, लोणच्याची बाटली बॅगेत असू द्या.

पंच अँड जूडीचा बाहुल्यांचा खेळ असतो तो प्रोमनेडवर, कॉडमन घराणं १८६० पासून करतंय, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा उभा तंबू आणि हातात घालायच्या बाहुल्या. पंच तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा किरकिऱ्या आवाजात बोलतो आणि सगळ्यांना दंडुक्याने मारतो, बायकोला, पोलिसाला, मगरीला. पोरं खिदळतात. आई शेवटपर्यंत 'अगं बाई, हा मेला बायकोला मारतोय आणि सगळे हसतायत' करत होती. मला तो आवाज पाच मिनिटांत नकोसा झाला, पण पोरांच्या चेहऱ्यांसाठी एकदा बघा.

बीचबद्दल फार अपेक्षा नकोत. प्रोमनेडसमोरच्या नॉर्थ शोअरला भरतीला नुसते गोटे, चपला लागतात, ओहोटीला वाळू उघडी पडते. खरी वाळू वेस्ट शोअरला, गावाच्या दुसऱ्या बाजूला, चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि तिथे हॉटेलांची रांग नाही, गोंगाट नाही. जिच्यावरून 'ॲलिस इन वंडरलँड'मधली ती प्रसिद्ध ॲलिस निघाली त्या ॲलिस लिडेलच्या कुटुंबाचं सुट्टीचं घर याच बाजूला होतं, घर २००८ मध्ये पाडलं, पण १९३३ मध्ये माजी ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जनी उद्घाटन केलेला पांढऱ्या सशाचा पुतळा आहे, आणि गावभर त्या गोष्टीतली पात्रं उभी केलीत, लेकीला ती शोधायचा खेळ पुरला. सूर्यास्त इथूनच बघायचा. आम्ही दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिथे होतो, ओहोटी होती, पाणी लांबवर गेलेलं, ओल्या वाळूत आकाश पडलेलं आणि पलीकडे डोंगर निळे होत होत काळे झाले. बाबांनी फोन काढला, फोटो घेतला नाही, परत खिशात ठेवला. ओहोटीला पाण्याच्या मागे फार आत मात्र जाऊ नका, भरती इथे पटकन येते.

तक्रार एकच, ती गावाची नाही, हॉटेलची. नाव लिहीत नाही. फोटोत समुद्र होता, बुकिंग करताना 'वरचा मजला' लिहिलं होतं, पण लिफ्ट नाही हे कुठेच नव्हतं. जुन्या इमारती आहेत, जिने उंच आणि अरुंद, चौथ्या मजल्यावर चार बॅगा आणि आईचे गुडघे. आणि समुद्र दिसत होता तो बाथरूमच्या खिडकीतून, स्टुलावर उभं राहिलं तर. खाली खोली मागितली तर फुल आहे म्हणाले, माफी वगैरे गोड बोलून, उपयोग शून्य. तेव्हा बुक करायच्या आधी फोन करून दोन प्रश्न विचारा, लिफ्ट आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर.

परतीच्या दिवशी वेळ असेल तर कॉन्वी करा, बसने जवळ आहे, पहिल्या एडवर्ड राजाचा १२८०च्या दशकातला किल्ला, आणि धक्क्यावरचं ते लालचुटुक घर, ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं म्हणून प्रसिद्ध. रुंदी दोन मीटरसुद्धा नाही आणि शेवटचा भाडेकरू सहा फूट तीन इंच उंचीचा कोळी. नवरा म्हणाला आमच्या हॉटेलपेक्षा बरं, निदान समुद्र समोर आहे.

मेच्या सुरुवातीला बँक हॉलिडेच्या वीकेंडला इथे व्हिक्टोरियन जत्रा भरते, जुन्या वेशातले लोक, वाफेची इंजिनं रस्त्यावर, तेव्हा खोल्या मिळणं मुश्किल आणि महाग. शांतता हवी असेल तर तो वीकेंड सोडा, मजा हवी असेल तर बरंच आधी बुक करा. जॅकेट जूनमध्येही घ्या, टोपी घेतलीत तर दोरीवाली. आणि पिअरच्या मशीनसाठी सुटे टूपी घरून आणायची गरज नाही, तिथे सुटे करून मिळतात, आईने चौकशी करून ठेवलीय.